शिक्षा संपल्यानंतर

(सुटका झालेल्या बंदिजनांचे पुनर्वसन या विषयावर उद्योजक, पंचायत सदस्य व सामाजिक कार्यकर्ते यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



गोमंतकात तुरुंग हा शब्द बराच काळ आदराने उच्चारला गेला. सालाझारशाहीच्या काळी आग्वादच्या कोठड्यांत ज्यांना डांबण्यात आले ते मुक्तिसंग्रामातील लोक होते. श्री. मोहन रानडे १९६९ साली लिस्बनजवळच्या तुरुंगातून सुटून मायदेशी परतले, तेव्हा लोकांनी त्यांचे मोठ्या प्रेमाने स्वागत केले. आग्वादचे मध्यवर्ती कारागृह २०१५ मध्ये कोलवाळ येथे हलविण्यात आले आणि २०२१ च्या डिसेंबरात त्या जुन्या वास्तूत स्वातंत्र्यलढ्याचे संग्रहालय उभे राहिले. आग्वादच्या त्या बंदिवानांशी चोरी, मारामारी अथवा फसवणूक यांबद्दल शिक्षा भोगलेल्या इसमाची तुलना करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. फाटकाबाहेर पडलेल्या मुक्तिसैनिकाला आपले गाव, आपले घर व आपले काम परत मिळाले. कोलवाळच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्याला यांपैकी काय मिळते?

त्याला आत येताना जमा केलेले कपडे मिळतात. कारागृहातील कामाची मजुरी साठली असेल तर ती मिळते. सुटकेची नोंद असलेला कागद मिळतो. हारतुरे मिळावेत असे कोणीही म्हणणार नाही. पण न्यायालयाने ठरवून दिलेली मुदत पुरी झाल्यावर त्याच्या वाट्याला जी दुसरी शिक्षा येते, ती कोणत्याही न्यायाधीशाने सुनावलेली नसते आणि तिला मुदतही नसते. आजच्या भाषणाचा विषय ही दुसरी शिक्षा होय.

प्रथम, कारागृहातून बाहेर पडणारे हे लोक कोण असतात ते पाहणे इष्ट ठरेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे ज्यांना आपण बोलीभाषेत कच्चे कैदी म्हणतो ते होते. म्हणजे दर चार बंदिजनांपैकी तिघांचा अपराध त्या दिवसापर्यंत सिद्ध झालेला नव्हता. त्यांतील काहींना पुढे शिक्षा होते, काही निर्दोष ठरतात, काही जामिनावर सुटून तारखांना हजर राहतात. परंतु सहा महिने अथवा दोन वर्षे कामावर न आलेल्या माणसाची जागा कारखानदार राखून ठेवीत नाही. गावाच्या दृष्टीनेही ‘तो आत होता’ एवढेच खरे असते, आरोप सिद्ध झाला की नाही याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने प्रथमच आरोपी झालेल्या न्यायाधीन बंद्याला, काही अपवाद वगळता, कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळानंतर जामिनावर सोडण्याची तरतूद केली. ही तरतूद स्वागतार्ह होय. मात्र असा माणूस लवकर बाहेर आला तरी लवकर कामाला लागेलच असे नाही.

आता कायद्याची भूमिका पाहू. कायदा कठोर आहे असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः पुष्कळ ठिकाणी तो समाजापेक्षा अधिक उदार आहे, कारण तो कलंकाला मुदत घालून देतो. दोन वर्षे वा त्याहून अधिक शिक्षा झालेल्या व्यक्तीस लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार निवडणूक लढविता येत नाही. ही अपात्रता सुटकेनंतर सहा वर्षे टिकते आणि मग संपते. म्हणजे सातव्या वर्षी ती व्यक्ती विधानसभेच्या उमेदवारीचा अर्ज भरू शकते. त्याच व्यक्तीला एखाद्या बागायतीत राखणदाराचे काम मिळेल की नाही, हे मात्र सांगता येत नाही!

पासपोर्टाचीही अशीच गोष्ट आहे. गोव्यात बोटीवरील नोकरीवर, म्हणजे तारवटी म्हणून मिळणाऱ्या पगारावर, कित्येक कुटुंबे उभी राहिली. त्यामुळे पासपोर्टाचे महत्त्व येथे कोणाला समजावून सांगावयास नको. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याबद्दल दोन वर्षे वा अधिक शिक्षा झाली असेल तर १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार अर्ज नाकारता येतो, परंतु ती शिक्षा अर्जापूर्वीच्या पाच वर्षांतील असली पाहिजे. येथेही मुदत आहे. उलटपक्षी खटला चालू असेल तर न्यायालयाच्या परवानगीवाचून पासपोर्ट मिळणे कठीण होते. त्यामुळे शिक्षा न झालेला तरुण वर्षानुवर्षे धक्क्यावर बसून राहतो, हा प्रकार अनेकांच्या परिचयाचा असेल.

१९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचे बारावे कलम याहूनही पुढे जाते. ताकीद देऊन अथवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर न्यायालयाने ज्याला सोडले, त्याला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता भोगावी लागणार नाही, असे ते कलम सांगते. पुढे मूळ अपराधाबद्दलच त्याला शिक्षा द्यावी लागली, तर ही सवलत राहत नाही. बालन्याय कायदाही, काही गंभीर अपवाद वगळता, अल्पवयात घडलेल्या चुकीची छाया पुढील आयुष्यावर पडू देत नाही आणि तिच्या नोंदी नष्ट करण्याची तरतूद करतो. ही कलमे वकिलांना ठाऊक असतात, पण ज्याने अर्ज भरावयाचा आणि ज्याने तो वाचावयाचा त्या दोघांनाही बहुधा ठाऊक नसतात. कायदा सर्वत्रच असा उदार आहे, असे मात्र नव्हे. बँकिंग विनियमन कायद्याने नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यास बँकेची नोकरी बंद केली आहे, आणि तेथे वर्षांची मर्यादा नाही. ब्रिटनने १९७४ साली कायदा करून ठरावीक काळानंतर बहुतेक शिक्षा ‘जुनी’ मानण्याची पद्धत घालून दिली. तसा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे अजून झालेला नाही.

नोकरीच्या अर्जातील ‘आपणांस कधी अटक अथवा शिक्षा झाली होती काय?’ हा रकाना अनेकांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड प्रश्न होऊन बसतो. खरे लिहावे तर अर्ज बाजूला पडतो, खोटे लिहावे तर नोकरी लागल्यावर पडताळणीत उघड होते आणि मग लपविल्याचा ठपका मूळ गुन्ह्यापेक्षा जड ठरतो. २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्ली पोलीस दलातील एका उमेदवाराचे असे प्रकरण आले. मारामारीचा जुना खटला तडजोडीने मिटलेला होता, पण उमेदवाराने अर्जात तो लिहिला नव्हता. तरुण वयात हातून प्रमाद घडतात आणि त्यांकडे काहीशा क्षमाशील दृष्टीने पाहावे, असा न्यायालयाचा कल होता. व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतील, भाकरीच्या चोरीपायी जन्मभर चोर ठरलेल्या ज्याँ वालज्याँचा दाखला न्यायमूर्तींनी निकालपत्रात दिला. पुढे २०१६ मध्ये अवतारसिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या विषयाची घडी बसविली. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. क्षुल्लक गुन्हा असल्यास नियोक्ता तो लपविल्याबद्दलही क्षमा करू शकतो. मात्र खरे सांगितले म्हणून नेमणूक केलीच पाहिजे असे बंधन त्याच्यावर नाही. निर्णय त्याच्या विवेकावर सोडलेला आहे. म्हणजे हा प्रश्न शेवटी पुन्हा या सभागृहात बसलेल्या मंडळींकडेच येतो.

विवेक वापरणे म्हणजे काय, हे शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात, आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची एक वसाहत आहे. माणदेशाचा हा भाग पावसाला पारखा. तो पूर्वी औंध संस्थानात होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते म्हणून अधिक परिचित आहेत. १९३९ साली त्यांनी आपली सत्ता स्वेच्छेने प्रजेच्या हाती सोपविली, आणि त्याच वर्षी आपल्या कैद्यांसाठी ही भिंतीवाचूनची वसाहत उभारली. या कामी त्यांना मॉरिस फ्रीडमन यांचे साहाय्य झाले. हे पोलंडचे अभियंते गांधीजींच्या विचाराने भारून येथेच राहिले आणि भारतानंद या नावाने ओळखले गेले. निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे पुढे ज्यांनी इंग्रजीत नेली ते फ्रीडमन हेच.

स्वतंत्रपूरची कल्पना कागदावर अगदी साधी दिसते. कैद्याला कसण्यास जमीन, राहण्यास घर, आणि सोबत त्याची बायकामुले. यातील तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कारागृहाची भिंत माणसाला जशी जगापासून तोडते तशी त्याला जबाबदारीपासूनही मोकळा करते. आत त्याला जेवण ठरल्या वेळी मिळते, कपडे मिळतात, दिवाही दुसरा कोणी विझवितो. दहा वर्षे ज्याने बाजारातून मीठ आणले नाही, मुलाच्या तापाची काळजी केली नाही, उधारी फेडली नाही, त्याला एका सकाळी फाटकाबाहेर सोडून ‘आता संसार कर’ म्हणणे ही क्रूर चेष्टा होय. स्वतंत्रपुरात तो संसार शिक्षा चालू असतानाच करतो. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, राजे गेले, फ्रीडमनही गेले, पण वसाहत टिकली. ती पुढे महाराष्ट्राच्या कारागृह विभागाच्या व्यवस्थेत आली.

याच कल्पनेवरून व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखे बारह हाथ’ हा चित्रपट काढला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. माडगूळकर स्वतः आटपाडी तालुक्यातलेच, तेव्हा ओसाड माळ आणि त्यावर घाम गाळणारी माणसे त्यांनी कल्पनेने रंगविलेली नव्हेत. चित्रपट १९५७ चा. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि पुढील वर्षी बर्लिनच्या महोत्सवातही तो गौरविला गेला. अनेकांनी तो पाहिला असेल. सहा खुनी कैदी घेऊन एक अधिकारी पडीक जमिनीवर जातो, भाजीपाला पिकवितो. ही स्वस्त भाजी बाजारात येताच धंदा बुडणारे व्यापारी या सहा जणांच्या वाईटावर टपतात. हा प्रसंग चित्रपटातला सर्वांत खरा प्रसंग म्हणावा लागेल. सुधारलेल्या माणसाचे तत्त्वतः सर्वांनाच कौतुक असते. तो बाजारात शेजारी दुकान मांडू लागला की कौतुक ओसरते.

मात्र चित्रपट आणि वसाहत यांत एक भेद आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. चित्रपटातील सहा जणांना सावरतात ते एका थोर माणसाचे दोन डोळे. प्रत्यक्षात थोर माणसे थोडी असतात, आणि त्यांच्या बदल्याही होतात! स्वतंत्रपूर टिकले ते निवडीचे नियम, शेत, घर, मजुरी आणि कुटुंब या साध्या व्यवस्थेवर. जयपूरजवळच्या सांगानेर येथे १९६३ पासून चालत आलेल्या खुल्या शिबिराचा अनुभव हाच आहे. तेथील बंदी कुटुंबासह राहतात, दिवसा शहरात जाऊन स्वतः शोधलेले काम करतात आणि आपल्या कमाईवर घर चालवितात. त्यांना काम देणारे जयपूरचे दुकानदार वा कारखानदार काही संत नव्हेत. त्यांना मनुष्यबळ हवे असते, आणि संध्याकाळच्या हजेरीला परतावेच लागणारा कामगार दांडी मारीत नाही, हे त्यांना ठाऊक असते.

हैदराबादेत कारागृह विभागाने स्वतःचे पेट्रोल पंप काढून त्यांवर बंदिजनांना व सुटून आलेल्यांना काम दिले. रोख पैसा हाताळण्याचे काम दिले, ही गोष्ट विशेष. दिल्लीच्या तिहार कारागृहात २०११ साली उद्योगसंस्थांनी येऊन, सुटकेच्या बेतात असलेल्यांच्या मुलाखती घेतल्या आणि नोकऱ्या देऊ केल्या. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून या क्षेत्रात काम करीत आला आहे. सुटलेल्या व्यक्तीला काही महिने एखाद्या सामाजिक संस्थेत विद्यावेतनावर काम मिळवून देणे हा त्याच्या कार्याचा एक भाग. त्यामागील हिशेब व्यावहारिक आहे. पुढच्या मालकाने ‘यापूर्वी कोठे होता?’ असे विचारले की सांगण्यासारखे एक उत्तर त्या माणसाजवळ तयार होते.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. पहिला आक्षेप असा की, सरळ मार्गाने चालणारी हजारो मुले बेकार असताना गुन्हा केलेल्यासाठी एवढी खटपट कशाला? आक्षेप रास्त आहे. परंतु येथे कोणी राखीव जागा मागत नाही. जे काम तो करू शकतो त्याच्या रांगेतून केवळ जुन्या कागदामुळे त्याला बाहेर काढू नये, इतकीच मागणी आहे. शिवाय रांगेतून बाहेर काढलेला माणूस नाहीसा होत नाही. तो त्याच गावात राहतो, त्याला त्याच दोन वेळा भूक लागते आणि त्याला ओळखणारे जुने साथीदार तेवढे त्याच्या दाराशी येतात.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. येथे तारतम्य हवे. मुलांवरील अत्याचाराबद्दल दोषी ठरलेल्यास शाळेच्या आवारात नेमणे हा उदारपणा नसून बेजबाबदारपणा ठरेल. अफरातफर केलेल्याच्या हाती पहिल्याच दिवशी तिजोरीची किल्ली देऊ नये. पण दारूच्या नशेत मारामारी केलेला सुतार लाकूड कापावयास अपात्र कसा ठरतो? गुन्हा कोणता, त्याला किती वर्षे झाली, त्यानंतर वर्तन कसे होते आणि मागितलेल्या कामाशी त्या गुन्ह्याचा काही संबंध पोहोचतो काय, एवढे पाहिले की पुष्कळसे भय आपोआप विरते. रकाना अर्जाच्या पहिल्या पानावर ठेवण्याऐवजी, उमेदवार कामास योग्य आहे असे ठरल्यावर समोर बसवून हा प्रश्न विचारला, तर खरे उत्तर मिळण्याची शक्यताही वाढते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि तो ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या बाजूने येतो. ज्या घरातील माणूस गेला त्या घराने खुन्याच्या पुनर्वसनाची भाषणे का ऐकावीत? त्यांनी क्षमा करावी असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. १९९८ साली बंदिजनांच्या मजुरीसंबंधी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने या घरांचा विचार केला होता. सक्तमजुरी करणाऱ्या बंद्याला न्याय्य मजुरी मिळावी, तिच्यातून त्याच्या अन्नवस्त्राचा खर्च वळता करावा, आणि एक भाग गुन्ह्याची झळ बसलेल्यांना देण्यासाठी बाजूला काढावा, असा त्याचा आशय होता. कमावणाराच भरपाई देऊ शकतो. बेकार हिंडणाऱ्याकडून त्या घराला काहीही मिळणार नाही.

अनुरक्षणाचा, म्हणजे सुटकेनंतरच्या देखभालीचा विचार देशात नवा नाही. १९५४ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळाने प्रा. एम. एस. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली याच विषयावर समिती नेमली होती. न्या. मुल्ला समितीने १९८३ च्या अहवालात त्यावर भर दिला. १८९४ च्या कारागृह कायद्याला पर्याय म्हणून केंद्राने २०२३ मध्ये राज्यांकडे धाडलेल्या आदर्श कायद्यातही पुनर्वसनाला स्थान आहे. अहवालांची उणीव कधीच नव्हती. उणीव आहे ती सुटकेच्या आदल्या व नंतरच्या महिन्यातील बारीकसारीक कामे करणाऱ्यांची.

ती कामे कोणती? दोन वर्षे व्यवहार झाला नाही की बँकेचे खाते निष्क्रिय होते. ते पुन्हा चालू करून घ्यावे लागते, नाही तर पगार जमा कोठे होणार? वाहन चालविण्याचा परवाना संपून वर्ष उलटले तर चाचणी नव्याने द्यावी लागते. ज्याचा धंदाच ट्रक चालविण्याचा, त्याने चाचणी होईपर्यंत खावे काय? शिधापत्रिकेवरून नाव कमी झालेले असते. भाड्याची खोली केव्हाच दुसऱ्याला गेलेली असते. आत असताना सुतारकाम, शिवणकाम, बेकरी यांचे जे शिक्षण मिळाले त्याच्या प्रमाणपत्रावर कारागृहाचा शिक्का असेल तर ते दाखविण्यापेक्षा लपविण्याकडेच कल होतो. ते प्रमाणपत्र औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या अथवा विद्यापीठाच्या नावाने मिळावे, हे उत्तम. पंचायतीकडे रहिवासाचा दाखला मागावयास आलेल्या अशा माणसाला पुढच्या बैठकीपर्यंत थांबविले, तर त्याचा एक महिना जातो, आणि पहिलाच महिना सर्वांत धोक्याचा असतो. असा दाखला त्याच दिवशी देणे सरपंच व सचिव यांच्या हातचे आहे. त्यासाठी कोणताही नवा कायदा लागत नाही.

उद्योजकांनी काय करावे, असे विचारले जाते. कारागृहाचे अधीक्षक आणि परिवीक्षा अधिकारी यांच्याशी पत्रव्यवहार करून, सुटकेस तीन-चार महिने उरलेल्यांपैकी कोणाला कोणते काम येते याची माहिती मागवावी. अधीक्षकांच्या संमतीने आत जाऊन प्रत्यक्ष मुलाखत घ्यावी. वाटल्यास तीन महिन्यांच्या उमेदवारीवर घ्यावे, पण पगार इतरांइतकाच द्यावा, कारण कमी पगारावर राबविण्यासाठी अशी माणसे शोधणारेही काही निघतात. कारखान्यात त्याचा पूर्वेतिहास एका वरिष्ठापलीकडे कोणाला सांगू नये. आणि नेमणुकीचे पत्र सुटकेच्या दिवसापूर्वी त्याच्या हाती पडेल, असे पाहावे. त्या पत्रावर कामावर हजर होण्याची तारीख, वेळ आणि कारखान्यापर्यंत जाणाऱ्या बसचा मार्ग लिहिलेला असावा.